वाळवंटातलं हॉटेल आणि गरम पाण्याचं कुंड : या चुका टाळा

दिवसभर गाडी चालवून आम्ही हॉटेलवर पोहोचलो, खोलीत बॅगा टाकल्या आणि कपडे बदलून थेट कुंडाकडे गेलो. तीन कुंडं होती. थकलेल्या माणसाला सगळ्यात गरम कुंडच हवंसं वाटतं, तसं मलाही वाटलं. समोर डोंगरावर ऊन उतरत होतं, पाणी मानेपर्यंत होतं, अर्धा तास कसा गेला ते कळलंच नाही. उठून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कानात सूं सूं आवाज, पाय लटपटलेले, पायरी दिसेना. शेजारच्या बाईंनी दंडाला धरून काठावर बसवलं म्हणून दगडावर डोकं आपटलं नाही.

आजही आठवतं ते हे, की त्याआधी काहीच जाणवलं नव्हतं. ना घाम, ना तहान.

त्यानंतर अशा ठिकाणी बऱ्याचदा राहिले, इतरांनाही गोंधळताना पाहिलं. बहुतेक चुकांचं मूळ एकाच जागी सापडतं. वाळवंटाची हवा अंगातलं पाणी काढते, गरम कुंडही काढतं, आणि दोघंही ते गुपचूप करतात. कोरड्या हवेत घाम अंग ओलं करायच्या आत उडून जातो. कुंडात तर अंग आधीच ओलं, तिथे घाम कोण मोजणार? गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात बसलेलो असेपर्यंत भोवतालच्या पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत राहतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. उभं राहिलं की तो आधार एकदम सुटतो, रक्त पायांकडे उतरतं आणि घेरी येते.

पोहोचल्या पोहोचल्या कुंडात उतरणं

पहिले दोन तास कुंडाकडे फिरकू नका. सावलीत बसा, घोट घोट पाणी प्या, काहीतरी हलकं आणि थोडं खारट खा. प्रवासात आपण मुद्दामच कमी पाणी पितो, वाटेत थांबायला नको म्हणून. ती तूट आधी भरून काढायला हवी. मग सगळ्यात कोमट कुंडापासून सुरुवात करा.

तापमानाचा माझा हिशेब असा. ३६ ते ३८ अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास शरीराइतकंच गरम पाणी, त्यात निवांत बसता येतं. ३९-४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरे. ४० च्या वर मी जातच नाही. कुंडावर तापमानाची पाटी नसेल तर संकोच न करता विचारा, चांगल्या हॉटेलात त्याची नोंद ठेवलेली असते. बाहेर येताना एकदम उभं राहायचं नाही. आधी काठावर बसायचं, पाय पाण्यातच ठेवायचे, मिनिटभराने कठडा धरून उठायचं.

घेरी आलीच तर लाजून खोलीकडे चालत सुटू नका. पडतात माणसं ती त्याच वाटेवर. कुंडाबाहेर सावलीत आडवे व्हा, पाय उंचावर ठेवा, हाक मारून कुणाला तरी जवळ बोलवा. पूर्ण शुद्धीवर असाल तर थोडं थोडं पाणी घ्या. बहुतेक वेळा काही मिनिटांत बरं वाटतं, पण त्या दिवसापुरतं कुंड बंद. मात्र माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं असून ते गार होत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर हा उष्माघात असू शकतो. अशा वेळी ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत ओल्या कपड्याने, वाऱ्याने, जमेल तसं अंग गार करत राहा.

दारू पिऊन कुंडात उतरणं ही चूक मी सगळ्यात वाईट मानते. संध्याकाळ, तारे, हातात पेला, हॉटेलांच्या जाहिरातीत हे चित्र असतंच. पण दारूनेही रक्तवाहिन्या सैलावतात, गुंगी येते आणि ‘आता पुरे’ म्हणणारा आतला आवाज बंद पडतो. पेला घ्यायचाच असेल तर अंघोळी आटोपल्यावर घ्या.

गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले, रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणारे यांनी निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावं, कारण पाणी चटका देण्याइतकं गरम आहे हे पायाला कळतच नाही. आधी कोपर बुडवून पाहा. पाच वर्षांखालच्या मुलांना गरम कुंडात नेऊच नये, त्यांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

‘नैसर्गिक झरा’ या शब्दांवर बुकिंग करणं

इथे जरा सविस्तर सांगते, कारण हिरमोड होतो तो बहुधा इथेच.

वाळवंटात गरम पाणी येतं कुठून? पावसाचं आणि बर्फाचं पाणी जमिनीत खोल मुरतं. खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत जातं. तापलेलं पाणी खडकातल्या भेगांवाटे वर येतं. कॅलिफोर्नियातलं डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज हे याचं ठळक उदाहरण. सॅन अँड्रियास भ्रंशाची, म्हणजे जमिनीच्या खडकातल्या लांबलचक भेगेची, एक शाखा त्या गावाखालून जाते. भ्रंशाच्या एका बाजूला गरम पाण्याचा साठा, तर दुसऱ्या बाजूला थंड, पिण्याजोग्या पाण्याचा. कॅबट येर्क्सा नावाचा माणूस १९१३ मध्ये तिथे आला आणि त्याने विहिरी खणल्या, तेव्हा एका ठिकाणी गरम आणि थोड्याच अंतरावर थंड पाणी लागलं. आजची तिथली लहान लहान हॉटेलं त्याच गरम पाण्यावर चालतात.

म्हणजे ‘झरा’ म्हटलं तरी दगडातून खळाळणारं पाणी दिसेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ते विंधन विहिरीतून उपसलेलं असतं आणि वापरण्याआधी निववावं लागतं. यात फसवणूक काही नाही. उलटी अपेक्षाही चुकते. चिलीच्या अटाकामा वाळवंटातले पुरितामाचे झरे डोंगराच्या घळीत उघड्यावर वाहतात, देखणे आहेत, पण पाणी साधारण ३३ अंश, म्हणजे कोमटच. तिथे वाफाळत्या पाण्याची आस धरून गेलेला माणूस कुडकुडत परततो. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचावर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास वेगळाच. जॉर्डनमधल्या माईनचं उलट, तिथे कढत पाणी धबधब्यासारखं कोसळतं आणि ती जागा समुद्रसपाटीच्याही खाली आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला सरळ लिहून विचारा. किती कुंडं आहेत आणि प्रत्येकाचं तापमान काय? पाणी सतत वाहतं ठेवलेलं आहे, रोज रिकामं करून भरतात, की गाळून जंतुनाशक घालून तेच फिरवतात? साधा पोहण्याचा तलाव तापवून त्यालाच ‘मिनरल पूल’ म्हणत नाहीत ना? रात्री कुंड कितीपर्यंत उघडं असतं? बाहेरचे लोक दिवसभरासाठी येतात का? दहा-बारा खोल्यांचं शांत ठिकाण म्हणून गेलो आणि दुपारभर कुंडात जागा मिळाली नाही, असं माझ्या बाबतीत घडलं आहे. आठवड्यातून एखादा दिवस सफाईसाठी कुंड बंद असतं, तो दिवस तुमच्या मुक्कामात येत नाही ना, हेही पाहा. अशा कित्येक हॉटेलांत मुलांना प्रवेश नसतो, काही ठिकाणी विवस्त्र अंघोळीची मुभा असते, आणि बऱ्याच ठिकाणी उपाहारगृह नसतं. हे सगळं नियमांच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि ते पान सहसा कुणी उघडत नाही.

उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल शोधा. ज्यांचं पाणी खरंच चांगलं असतं ते त्याबद्दल भरभरून सांगतात.

डोकं पाण्याखाली घालणं

हे कृपया हसण्यावारी नेऊ नका. कोमट आणि गरम गोड्या पाण्यात, गरम झऱ्यांतही, नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे शिरला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. असा संसर्ग अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. टाळणं मात्र सोपं आहे. जंतुनाशक न घातलेल्या नैसर्गिक पाण्यात डोकं बुडवायचं नाही, उडी मारायची नाही, तळाचा गाळ ढवळायचा नाही. तोंडावर पाण्याचे हबके मारायचा मोहही आवरा.

पाण्यातल्या जंतूंमुळे डोळ्यांनाही संसर्ग होऊ शकतो, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स खोलीतच काढून ठेवा. झऱ्याचं पाणी ‘औषधी’ म्हणून पिऊही नका. काही ठिकाणच्या अशा पाण्यात आर्सेनिक आणि फ्लोराइड नैसर्गिकरीत्याच जास्त असतं. हॉटेलने पिण्यासाठी ठेवलेलं पाणी तेवढं प्या.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

चांदीचे दागिने काढून ठेवा. पाण्यात गंधकाची संयुगं असतील तर चांदी काळी पडते. कुजक्या अंड्यासारखा वास त्यातल्याच हायड्रोजन सल्फाइडचा, पाणी घाण असल्याची ती खूण नव्हे. त्याच दिवशी दाढी केली असेल, पायांवर रेझर फिरवला असेल किंवा कातडीला जखम असेल तर चुरचुरतं आणि संसर्गाची भीतीही वाढते. तेल, सनस्क्रीन, अत्तर धुऊन मगच उतरा.

अंघोळीनंतर साध्या पाण्याने अंग विसळा आणि कातडी ओलसर असतानाच क्रीम लावा. कोरड्या हवेत हे टाळलं तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या खाजायला लागतात. दोन-तीन दिवसांनी पोहण्याच्या कपड्याखाली लाल, खाजऱ्या पुटकुळ्या आल्या, तर नीट न राखलेल्या कुंडातल्या जिवाणूंमुळे केसांच्या मुळांना सूज आलेली असू शकते. बहुतेकदा ती आपोआप ओसरते. वाढत गेली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा, आणि हॉटेललाही कळवा, म्हणजे पुढच्या माणसाचा त्रास वाचेल.

ऋतू आणि वेळ न पाहणं

उन्हाळ्यात वाळवंटातल्या खोल्या स्वस्त होतात, त्यामागे कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदवलं गेलं, तिथेही झऱ्याच्या पाण्यावर चालणारा तलाव असलेलं हॉटेल आहे. हवा ४२ अंशांवर आणि पाणी ४० अंशांवर असेल तर शरीराने आपली उष्णता टाकायची कुठे? उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहाटेची अंघोळ करा आणि दुपार खोलीत काढा.

हिवाळ्यातली चूक वेगळी असते. कोरड्या हवेत वाफ कमी, आभाळात ढग नाहीत, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दिवस-रात्रीत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. रात्री कुंडातून बाहेर आलात की अंगावरचं पाणी उडताना उरलीसुरली ऊबही घेऊन जातं, आणि वारा असेल तर दात वाजायला लागतात. जाडसर रोब, सपाता आणि कानटोपी अगदी हाताशी ठेवा. हॉटेलचे रोब पातळ असतात, मी माझा नेते.

तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपासच्या तारखा धरा. पौर्णिमेला वाळू आणि डोंगर न्हाऊन निघतात, पण आकाशगंगा दिसत नाही. झोपायच्या आधी तास-दीड तास अंघोळ आटोपा. अंग निवत जातं तशी झोप येते. अंघोळ करून लगेच अंथरुणावर पडलं की नुसतंच उकडत राहतं.

बोलणं आणि फोन

वाळवंटातल्या शांत रात्री कुजबुजही पलीकडच्या खोलीत ऐकू जाते. कुंडाशी फोन नेऊ नका. वाफेने लेन्स धूसर होते हे तर आहेच, पण अर्ध्या कपड्यांतल्या अनोळखी माणसांसमोर कॅमेरा काढणं मला पटत नाही. फोटो हवाच असेल तर पहाटे, कुंड रिकामं असताना काढा.

रस्ता

शक्यतो उजेडात पोहोचा. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, शेवटच्या मोठ्या गावात टाकी भरा, गाडीत माणशी काही लिटर पाणी ठेवा. वाळूच्या कोरड्या ओढ्यात गाडी उभी करू नका. दूर डोंगरात पडलेला पाऊस तिथे अचानक लोंढा होऊन येतो, डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरीही.

परतीच्या दिवशी ‘जाता जाता शेवटची डुबकी’ मारून लगेच गाडी चालवायला बसणं धोक्याचं. अंग सैलावलेलं असतं, डोळे मिटत असतात आणि पुढे शंभर किलोमीटरचा सरळ रस्ता असतो. मी शेवटच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठते, कोमट कुंडात दहा मिनिटं बसते, मग नाश्ता करून सावकाश सामान बांधते. दोन तासांनी, पाण्याची भरलेली बाटली शेजारी ठेवून निघते.