जुन्या मनोरुग्णालयाच्या इमारतीची नोंद कशी करावी

मराठवाड्यात कुणाची टवाळी करायची झाली की ‘याला येरवड्याला पाठवा’ असे अजूनही सहज म्हटले जाते. या वाक्यात आपल्या भागाचा एक दुखरा इतिहास दडलेला आहे, कारण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत आणि इथल्या कुटुंबांना आजारी माणसाला घेऊन कित्येक दशके तिकडेच जावे लागले. त्याआधी मात्र हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय आपल्या जालन्यात होते आणि १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवले गेले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वापरातून गेलेल्या अशा वास्तूची नोंद घेऊ इच्छिणाऱ्या इतिहासाच्या आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच गावाचा इतिहास जपणाऱ्या शिक्षकांसाठी, ही पद्धत लिहीत आहे.

पहिले काम परवानगीचे. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे, आरोग्य विभागाकडे आहे की खाजगी मालकीची झाली आहे, हे आधी शोधावे आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच आवारात पाऊल टाकावे.

त्यानंतर कागदांकडे वळावे. आपल्याकडे हे काम पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे आहे, कारण संस्थानाचा कारभार उर्दूत चालत असे आणि कागदांवर सन फसली, म्हणजे महसुली कालगणनेचा, असे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने जानेवारीपासूनच्या तारखांसाठी ५९१ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तीचा दिवस फसली १३५७ मध्ये येतो. हा हिशेब चुकला की इमारतीचे वय एका वर्षाने सरकते आणि पुढचे सगळे अनुमान बिघडते. उर्दू लिपी येत नसेल तर वाचणारा जाणकार सोबत घ्यावा आणि ‘पागलखाना’, ‘दवाखाना’, ‘शफाखाना’ हे तिन्ही शब्द शोधावेत. ‘मनोरुग्णालय’ हा शब्द जुन्या कागदांत सापडणार नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातही वेड्यांच्या इस्पितळाला मनोरुग्णांचे रुग्णालय म्हणण्याची पद्धत १९२० च्या सुमारासच रुळू लागली. जमिनीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातील सेतवार (शेतजमिनींची जुनी नोंदवही) आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, त्यामुळे त्याआधीचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात असण्याची शक्यता अधिक असते आणि एक फेरी तिकडे करावीच लागते.

इमारतीचा आराखडा समजून घेण्यासाठी थोडे सामान्य ज्ञान हवे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत इमारत हेच औषध आहे असे मानणारी एक विचारधारा होती. व्हिएन्नात १७८४ मध्ये बांधलेला गोल मनोरा खोल्यांच्या वर्तुळाकार ओळींचा होता, म्हणजे त्यात कोंडणे हाच मुख्य विचार होता. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनी इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सुरू केलेल्या संस्थेत बाग, काम आणि सौम्य वागणूक यांवर भर होता. अमेरिकेत थॉमस किर्कब्राइड या वैद्याने मधल्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना पायरी-पायरीने मागे सरकणारे पंख सुचवले, जेणेकरून प्रत्येक कक्षाला हवा व उजेड मिळेल. त्या रचनेत सर्वात अस्वस्थ रुग्ण टोकाच्या कक्षांत ठेवले जात. म्हणून आपल्या इमारतीचा नकाशा हातात आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: फाटकापासून सर्वात दूर कोण होते, आणि त्यांना ऊन-वारा मिळत होता का?

आपल्याकडे दुसरी शक्यता अधिक गंभीरपणे घ्यावी. मनोरुग्णालय अनेकदा आधी दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत, तुरुंगात किंवा लष्करी बराकीत, भरत असे. जालन्यातील छावणीच पाहा: १८२७ मध्ये उभारलेली ही छावणी १९०३ मध्ये उठली. असे झाले की गावात मोठमोठ्या इमारती रिकाम्या उरतात आणि त्यांना नवे उपयोग शोधले जातात. बराक ओळखणे सोपे आहे: लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना पडवी, छताजवळ हवेसाठी झरोके आणि आत एकही आडभिंत नाही. त्यात पुढे कोठड्या घातल्या असतील तर आडभिंत आणि मूळ भिंत जिथे भेटतात तो सांधा बसून, हात लावून तपासावा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले असतात. नंतरची भिंत मात्र जुन्या भिंतीला नुसती टेकलेली असते आणि मधे उभी सरळ फट दिसते. मला या कामातला हा सर्वात मोलाचा क्षण वाटतो, कारण त्या फटीपाशी इमारतीचा हेतू बदललेला असतो.

मग चुना पाहावा. घाण्यात मळलेला चुना पांढुरका असून त्यात चुन्याच्या बारीक गुठळ्या दिसतात, तर सिमेंट करडे व कठीण असते. हिंदुस्थानात सिमेंटचे उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झाले, म्हणून सिमेंटमध्ये बांधलेली आडभिंत बहुधा त्यानंतरची मानावी. छतात लोखंडी तुळयांवर विटांच्या छोट्या कमानी असतील तर तुळईच्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. ‘टाटा’ असे असल्यास ती १९१२ च्या आधीची नाही. मंगलोरी कौलांच्या पाठीवरचा ठसाही लिहून घ्यावा.

दारांना वेळ द्यावा. कडी बाहेरून आहे की आतून, दार बाहेर उघडते की आत, बघण्यासाठी भोक आहे का आणि ते कोणत्या उंचीवर आहे, खिडकीचा उंबरठा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या वर आहे का, हे सगळे मोजून लिहावे. दार बदललेले असले तरी चौकटीत कोयंड्याची जुनी भोके राहतात. मी मोजमाप करताना प्रत्येक खोलीत जमिनीवर बसून काय दिसते ते वहीत लिहितो, कारण तिथे राहिलेल्या माणसाने इमारत बसूनच अधिक पाहिली असणार.

मोजताना खोलीचे दोन्ही कर्ण घ्यावेत, नाहीतर तिरकी खोली कागदावर काटकोनी होते. भिंतीला ओळंबा लावून फुगवटा तपासावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटून घरे कोसळली, हे आपण पाहिले आहे. फुगलेल्या भिंतीखाली टेप घेऊन उभे राहू नये.

भिंतींवर कोरलेली नावे आढळतील. याबाबतीत माझ्या हातून चूक झालेली आहे. एका बंद इमारतीतील अशा भिंतीचे छायाचित्र मी प्रदर्शनात लावले होते. एक वृद्ध बाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग जवळ येऊन म्हणाल्या, “हे आमच्या थोरल्या दिरांचं नाव आहे. घरात कुणी काढत नाही ते.” मी त्याच क्षणी चित्र उतरवले. तेव्हापासून नावाची जागा, उंची आणि अक्षरांची पद्धत एवढेच मी नोंदवतो. नाव स्वतंत्र बंद पाकिटात ठेवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवण्याची आणि तिचे छायाचित्र संमतीविना माध्यमांना न देण्याची स्पष्ट तरतूद आहे. मृत रुग्णांच्या बाबतीतही तोच संयम पाळावा, असे माझे मत आहे.

जुन्या परिचरांशी, स्वयंपाक्यांशी, धोब्यांशी बोलताना रुग्णांविषयी थेट विचारू नये. दिवस किती वाजता सुरू होई, पाणी कुठून येई, कुलपांच्या किल्ल्या कोणाकडे असत, असे विचारावे. उत्तरे देताना ते मामा किंवा मावशी आपोआप त्या माणसांपर्यंत येतात.

शेवटी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा, प्रमाण, मोजल्याची तारीख आणि न मोजता आलेल्या खोल्यांची नावे लिहावीत. एक प्रत मालकी असलेल्या कार्यालयाला, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयाला द्यावी आणि नावांचे पाकीट यांपैकी कोणत्याही प्रतीला जोडू नये.