मराठी मेसेज सजवायचा? अक्षराला हात लावू नका, बाजूनी नटवा

मागच्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती आणि ग्रुपवर आमंत्रण टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं, मग काय, एक फॅन्सी टेक्स्टवाली साईट उघडली, मजकूर पेस्ट केला, खाली ढीगभर स्टाईल आल्या पण मराठी अक्षरं सगळीकडे जशीच्या तशी! फक्त मोबाईल नंबर आणि इंग्रजीत टाकलेलं गावाचं नाव तेवढं जाड न् वळणदार झालं. दिलं टाकून. सकाळी काकांचा फोन, "भो, हाई काय शे? नुसता चौकोन दिखी ऱ्हायनात!"

झालं असं की त्या साईट फॉन्ट बदलत नाहीत, अक्षरच बदलून देतात. गणितात लागतात म्हणून जाड, तिरकी रोमन आणि ग्रीक अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००१ साली वेगळी कॅरॅक्टर म्हणून घेतली, आपण तीच नावाला लावतो. देवनागरीसाठी असा सेटच नाही. आणि फोनच्या फॉन्टमध्ये ते कॅरॅक्टर नसलं की चौकोन, काकांचा फोन जुनाच आहे.

मग मराठीत करायचं काय? व्हॉट्सॲपवर ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूला चांदणी, *भरीत पार्टी* अशी, चांदणी आणि अक्षर यांच्यात स्पेस सोडायची नाही नाहीतर चांदण्याच दिसतात. तिरकं करायला अंडरस्कोर. हे मराठीला बरोबर लागतं कारण इथे अक्षर तेच राहतं, दाखवायची पद्धत बदलते.

बाकी सजावट बाहेरून करा. कानबाईचं आमंत्रण असेल तर ॥ कानबाई माता प्रसन्न ॥, पण हा दुहेरी दंड एकच कॅरॅक्टर घ्या, दोन एकेरी दंड चिकटवू नका. ॐ पण एकच कॅरॅक्टर आहे. साध्या मेसेजला ✦ किंवा ❀ पुरे, दोन्ही बाजूला एकेक, लग्नाच्या मांडवासारखं लायटिंग नको. भाच्याच्या गेममधल्या नावाला ꧁ ꧂ असे पंख आहेत, त्याला सांगितलं की ही जावा बेटावरच्या लिपीची चिन्हं आहेत तर म्हणे "मामा, भारी दिसतं ना, बस."

अक्षरावर रेघ मारणारी स्टाईल मात्र मराठीला लावूच नका. ती प्रत्येक कॅरॅक्टरनंतर एक रेघ घुसवते, म्हणजे 'भरीत' मधल्या र आणि दुसऱ्या वेलांटीच्या मधे पण, मग वेलांटी सुटते आणि बऱ्याचदा तिच्याजवळ ठिपक्यांचं गोल येतं. खोडायचंच असेल तर व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूला ~ टाका, काम होतं.

दरवेळी चिन्ह शोधत बसायचा कंटाळा येतो, तर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये डिक्शनरीत पर्सनल डिक्शनरी आहे, तिथे ॥ टाकून शॉर्टकट 'दंड' ठेवा, पुढच्या वेळी दंड टाईप केलं की वर सुचवतो.

मोबाईल नंबर, तारीख, पत्ता एकदम साधं ठेवायचं. माझ्या त्या स्टायलिश नंबरवर दाबून कोणालाच फोन लागेना, आणि ज्यांना दिसत नाही ते फोनकडून मेसेज वाचून घेतात, त्यांना नावाऐवजी 'मॅथेमॅटिकल बोल्ड' वगैरे ऐकू येतं नाहीतर काहीच नाही. मी आता ग्रुपवर टाकायच्या आधी काकांनाच पाठवतो, त्यांचा "दिखनं" असा रिप्लाय आला की मग सगळ्यांना.