विक्रीला नसलेलं घर आवडलं, तर मालकाला चिठ्ठी कशी लिहाल

बेल वाजवून थेट "घर विकता का?" विचारलं की दार बहुधा लगेच बंद होतं. त्यापेक्षा हाताने लिहिलेली एक पानी चिठ्ठी द्या. त्याआधी मालमत्तेच्या नोंदीतून मालकाचं नाव पाहून घ्या, नाहीतर चिठ्ठी भाडेकरूच्या हाती पडते आणि तिथेच राहते.

चिठ्ठीत तुम्ही कोण, नेमकं हेच घर का, दलाल नाही, पैशांची सोय झालेली आहे आणि घाई नाही, एवढं पुरे. शेवटी फोन नंबर. रक्कम मात्र लिहू नका: कमी लिहिली तर मालक दुखावतो, जास्त लिहिली तर पुढची घासाघीस तिथूनच सुरू होते. घराचं वारेमाप कौतुकही महागात पडतं.

उत्तर नाही आलं तर महिन्याभराने एकदाच आठवण करा. 'नाही' म्हणाले तर विषय संपला.

होकार आलाच, तर किंमत ठरवण्याआधी स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या. इथे बाजारभाव सांगणारी जाहिरात नसते. आणि सगळे सहमालक राजी आहेत का, घरावर कर्ज किती, हे वकिलाने तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. एका भावाचा होकार म्हणजे घराचा होकार नव्हे.