निसर्गातून रोजची शांतता हवी आहे? नाशिककरांनो, या चुका टाळा

झाडाखाली, नदीकाठी मन निवतं, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तरीही नाशिकमध्ये कितीतरी जण सांगतात, "जाऊन आलो, पण फरक काही पडला नाही." रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलेला माणूस सोमवारी दुपारी द्वारका चौकात पुन्हा तितकाच वैतागलेला असतो. बहुतेक वेळा चूक पद्धतीत असते, आणि ती सुधारता येते.

सगळी भिस्त मोठ्या सहलीवर

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, पावसाळ्यातला सोमेश्वरचा धबधबा, सगळीकडे जरूर जा. पण ताण रोजचा असेल तर महिन्यातली एक सहल त्याला पुरत नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. हा वेळ एकदम मिळाला की तुकड्यातुकड्यांनी, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटं झाली. तेवढ्यासाठी त्र्यंबक रोडला गाडी काढायची गरज नाही.

घराजवळचं एकच झाड ठरवा. पिंपळ असेल तर उत्तम. त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, त्यामुळे शेजारचं आंब्याचं झाड ढिम्म उभं असताना पिंपळाची पानं हलत असतात. फाल्गुन-चैत्रात त्याला तांबूस, चकचकीत पालवी फुटते आणि काही दिवसांत ती हिरवी होत जाते. उन्हाळ्यात त्याच झाडाच्या शेंड्यावर तांबट बसलेला सापडेल. हिरवं अंग, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. "टुक टुक टुक" करताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज एकदा डावीकडून तर एकदा उजवीकडून आल्यासारखा वाटतो. तो नेमका कुठे बसलाय हे शोधण्यात पाच मिनिटं सहज जातात, आणि त्या पाच मिनिटांत ऑफिसचं काही आठवत नाही. रोज तेच झाड बघायला कंटाळा येईल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात उलटं होतं. झाड ओळखीचं झालं की त्यातला बारीक बदलही दिसायला लागतो.

पाहण्याऐवजी टिपत बसणं

गोदापार्कवर सकाळी बघा. निम्म्या लोकांच्या कानात इअरफोन असतात, उरलेले पावलं मोजत असतात. व्यायाम म्हणून ते ठीकच आहे. पण मन निवावं असं वाटत असेल तर शेवटची दहा मिनिटं फोन खिशात ठेवा. फोटो काढायचाच असेल तर निघताना एक काढा. आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप चांगली आहेत, मीही त्यांची शिफारस करेन, पण नाव शोधायचं काम घरी गेल्यावर करा.

"आमच्याकडे निसर्गच नाही"

सिडकोतल्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांची ही तक्रार खरी आहे. पण खिडकीला कमी लेखू नका. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. खुर्ची खिडकीकडे वळवा. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालताना पानाला हात लावा, वास घ्या. आणि आकाश तर प्रत्येकाच्या वाट्याला असतंच.

डोळे मिटून दुसऱ्याचं चित्र आणणं

मनात निसर्गचित्र उभं करून शांत होणं ही चांगली सवय आहे, खासकरून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांसाठी, ज्यांना भर दिवसा झोपावं लागतं. पण ध्यानाच्या ऑडिओत "निळ्या समुद्राची कल्पना करा" म्हटलं की घोटाळा होतो. ज्याने समुद्रकिनाऱ्यावर एखादाच दिवस घालवलाय, त्याच्या मनात ते चित्र टिकणार कसं? जागा आपल्या ओळखीची घ्या. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर पोचल्यावर लागणारा लेण्यातला गारवा, मामाच्या मळ्यातली द्राक्षबाग, शाळेसमोरचा कडुनिंब. मग नुसतं दृश्य आणू नका. हाताखाली साल खरखरीत होती का, वारा कुठल्या बाजूने येत होता, दूरवर कसला आवाज होता, हे एकेक करून आठवा.

इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. वाहतं पाणी सगळ्यांनाच शांत करत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी पुराचं पाणी दुकानात शिरताना पाहिलं, त्यांना नदीचं चित्र मनात आणताच छातीत धडधडलं तर त्यात नवल नाही. अशा वेळी ते चित्र रेटू नका. डोळे उघडा, पाय जमिनीला टेकवा आणि डोंगर, झाड, माळरान असं दुसरं काही निवडा.

नेहमी येणाऱ्या अडचणी

डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही? काही माणसांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. तो आजार नाही. त्यांनी आवाज, वास किंवा स्पर्श आठवावा, नाहीतर एखादं पान समोर ठेवून उघड्या डोळ्यांनीच पाहावं.

मन भरकटतं? भरकटू द्या, आणि लक्षात आलं की पुन्हा पानाकडे या. झोप येते? बहुधा झोपच कमी पडलेली असते, ती आधी पूर्ण करा. गाडी चालवताना मात्र हे अजिबात करायचं नाही, सिग्नलला थांबलात तरीही नाही.

आणि उदासी किंवा घाबरेपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, जगणं नकोसं वाटलं, तर झाडावर भागवू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे.

सहलीला गेलातच तर

निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचंच घ्या. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. तिथे एका दिवसात जास्तीत जास्त पक्षी 'उरकायचे' म्हणून लोक धावपळ करतात आणि दमून परततात. त्यापेक्षा मनोऱ्यावर एक जागा धरा आणि जांभळ्या पाणकोंबडीसारखा एकच पक्षी अर्धा तास पाहा. ती लांब बोटांनी पाणवनस्पतींवर कशी चालते, देठ पायात धरून कसा खाते, हे घाईत दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पहाटेच पोचायचं असेल तर स्वेटर आणि कानटोपी घ्याच, निफाडची थंडी नाशिक शहरापेक्षा कडक असते.