कॅम्पर व्हॅनसाठी दुसरी बॅटरी घेताना या चुका टाळा

कोल्हापुरातून शनिवारी दुपारी गाडी काढली की पन्हाळा, दाजीपूर, आंबा किंवा गगनबावडा यांपैकी कुठेही दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचता येते, आणि म्हणूनच जुनी ट्रॅव्हलर किंवा ईको घेऊन तिच्यात पलंग, छोटा फ्रीज आणि पंखा बसवून घेणारी हौशी मंडळी इथे भेटतात. या सोयी ज्या दुसऱ्या बॅटरीवर चालतात, तिची निवड मात्र बहुधा सर्वांत शेवटी, दुकानाच्या काउंटरवर उभे राहून, लेबलवरचा एएचचा (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचा) आकडा आणि किंमत पाहून होते. माझीही पहिली खरेदी अशीच झाली. गगनबावड्याला जुलैतल्या मुक्कामात पहाटे तीनच्या सुमारास पंखा थांबला, फ्रीज बंद पडला आणि वर्षभरही न वापरलेली बॅटरी पुन्हा चार्ज धरेना, तेव्हा कुठे मी या विषयाच्या मुळाशी गेलो. एका रात्रीत किती वीज खर्च होणार आणि दुसऱ्या दिवशी ती कशी भरून निघणार, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय बॅटरीच्या दुकानाची पायरी चढू नये, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब न मांडता एएच ठरवणे

४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाच्या २४ तासांपैकी साधारण निम्मा वेळ चालतो असे धरल्यास त्याला ५४० वॅट-अवर लागतात. २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर २००, दिव्यांना ५० आणि मोबाइल-लॅपटॉपला ११० धरले, तर एकूण ९०० होतात. त्याला १२ व्होल्टने भागले की ७५ एएच हा रोजचा खर्च निघतो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, त्यामुळे तिथे १५० एएच हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची (पुढे नुसते लिथियम) ८० टक्के क्षमता निर्धास्तपणे वापरता येते, म्हणून १०० एएच पुरते. या हिशेबात इंडक्शन शेगडी धरलेली नाही, आणि धरूही नये. १,५०० वॅटची शेगडी इन्व्हर्टरमधील घट धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १४० अँपिअर ओढते, म्हणजे पंधरा मिनिटांच्या स्वयंपाकात ३५ एएच संपतात.

सेल्फची बॅटरी आत बसवणे

माझी चूक हीच होती. गाडीचा सेल्फ मारण्यासाठी असलेल्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, कारण तिला काही सेकंदांत शेकडो अँपिअर द्यायचे असतात आणि इंजिन सुरू होताच ती पुन्हा भरली जाते. हीच बॅटरी रात्रभर हळूहळू उतरवली, आणि ती तशीच उतरलेली चार-आठ दिवस पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. दुकानदाराने "शंभर एएच आहे" असे सांगितले ते खोटे नव्हते. ती कोणत्या कामासाठी बनवली आहे, हे मी विचारलेच नव्हते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोलवर उतरणे सोसते, हे खरे. तिचे वजन मात्र पन्नास-साठ किलोपर्यंत जाते, घाटाच्या वळणांवर आतले ॲसिड हिंदकळते आणि चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत चार टक्के हायड्रोजन साठला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ज्या बंद जागेत माणसे झोपतात, तिथे अशी बॅटरी उघडी ठेवूच नये. लेड-ॲसिडच घ्यायची असेल तर सीलबंद एजीएम (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते) घ्यावी.

लिथियम घेतली, चार्जिंग मात्र जुनेच ठेवले

लिथियमचे १०० एएचचे वजन अकरा-बारा किलोच्या आसपास असते आणि आयुष्यही मोठे, म्हणून ती मलाही पसंत आहे. परंतु तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती थेट गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जोडली तर झेपेल त्याहून जास्त करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे नुसत्या रिलेवर (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटरी जोडणाऱ्या स्विचवर) दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. दोन्ही अडचणींवर डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारे उपकरण, हाच उपाय आहे. तो ३० अँपिअरचा असला तरी कोल्हापूर ते पन्हाळा या पाऊण तासाच्या चढणीत जेमतेम वीस-बावीस एएच भरले जातात, हे मात्र लक्षात असू द्यावे. ७५ भरायला अडीच तास गाडी चालली पाहिजे.

शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये, हा इशारा कोल्हापूरकरांना स्पिती-लडाखच्या सफरीपुरताच लागू आहे. इथली खरी अडचण उन्हाळ्याची आहे: मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत पत्र्याला चिकटून ठेवलेली बॅटरी ४५ अंशांच्या पलीकडे सहज जाते, आणि अनेक उत्पादक त्यापुढे चार्ज करू नका असे सांगतात.

बॅटरी चांगली, वायर बारीक

नवी बॅटरी बसवल्यावरही माझा फ्रीज मधूनच बंद पडत असे. शेवटी उद्यमनगरातल्या एका वायरमन काकांनी काहीही न उघडता मीटरच्या सुया आधी बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवल्या. काटा १२.४ व्होल्टवर आला. मग त्यांनी मला फ्रीज सुरू करायला सांगितले आणि त्याच सुया फ्रीजच्या पिनेवर धरल्या. कॉम्प्रेसर उचलताना तिथे ११.३ दिसले. "बॅटरीला कशाला दोष देताय, वीज वाटेतच जिरतेय," एवढेच ते म्हणाले. वायर दीड स्क्वेअर एमएमची होती आणि जाऊन-येऊन बारा मीटर भरत होती. तिचा रोध ०.१४ ओहम होतो. सुरू होताना फ्रीज आठ अँपिअर ओढत असेल, तर १.१ व्होल्ट वायरीतच जातात आणि फ्रीजमधले संरक्षण बॅटरी उतरली असे समजून त्याला बंद करते. सहा स्क्वेअर एमएमची वायर ओढल्यावर ही घट पाव व्होल्टवर आली. फ्रीजच्या त्याच पिनेवर पुन्हा मीटर लावून त्यांनी मला आकडा दाखवला, तेव्हाच माझे समाधान झाले.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच असावा, कारण त्याच्या अलीकडची वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारे काहीच नसते. यात तडजोड नको.

व्होल्ट पाहून चार्ज ओळखणे

लेड-ॲसिड काही तास विश्रांतीत असेल तर १२.७ म्हणजे पूर्ण आणि १२.२ म्हणजे निम्मी, हा अंदाज चालतो. लिथियममध्ये तो फसतो. चार्ज सत्तर टक्के असो वा चाळीस, मीटर १३.२ च्या जवळपासच राहतो. त्यामुळे आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंटचा मॉनिटर तिच्यासोबत घ्यावा. सोलरच्या भरवशावर असणाऱ्यांना तर तो हवाच, कारण जुलैत गगनबावड्याच्या ढगांखाली पॅनेल नावापुरतेच काम करते.

बॅटरी नवी असो वा जुनी, पहिल्या सहलीआधी घरीच तिची परीक्षा घ्यावी. ती पूर्ण भरून, चार्जर काढून, तिला ६० वॅटचा हेडलाइटचा जुना बल्ब जोडावा आणि वेळ लिहून ठेवावी. हा बल्ब सुमारे पाच अँपिअर घेतो, म्हणजे दहा तासांत पन्नास एएच जायला हवेत. लेड-ॲसिडची १०० एएचची बॅटरी त्यानंतर काही तास तशीच ठेवली आणि मीटरवर १२.२ च्या आसपास आकडा आला, तर ती लेबलला जागते आहे, ११.८ आला, तर पावती घेऊन वॉरंटीच्या मुदतीतच दुकान गाठावे.