ड्युटीवर असलेल्या जवानाला आधार द्यायचाय? आधी त्याच्या घरी जा

ऑगस्ट आला की आपल्या व्हॉट्सॲपवर तिरंगी डीपी, सलाम, जय जवान सगळं सुरू होतं, आणि ते मनापासूनच असतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, भाऊ फौजेत, आणि मी राहते वास्कोत, जिथे आजूबाजूला निम्मी बिऱ्हाडं नेव्हीवाल्यांची आहेत, त्यामुळे दोन्हीकडून बघितलेलं सांगते. जो माणूस लडाखला किंवा जहाजावर आहे त्याला रेशन, कपडे, डॉक्टर हे सगळं सरकार पुरवतं. त्याच्या डोक्यात जी काळजी असते ती घराची. आईला दवाखान्यात कोण नेईल, पावसाआधी कौलं कोण परतील, पोरीची फी भरली का. म्हणून जवानासाठी काही करायचंय असं वाटलं की सुरुवात त्याच्या घरापासून करा, बाकी सगळं त्यानंतर.

आता घरी जाऊन करायचं काय. "काही लागलं तर सांगा हं" असं म्हणून यायचं नाही, कारण सांगत कोणीच नाही. म्हातारी माणसं तर अजिबात सांगत नाहीत, उलट मुलाला फोनवर "सगळं बरं आहे" म्हणतात आणि दुखणं अंगावर काढतात. तुम्हीच ठरवून जायचं आणि काम बघून विचारायचं, "काकी, मी उद्या वाळपईला जातोय, बीपीच्या गोळ्या आणायच्या का, जुनी चिठ्ठी द्या." असं विचारलं की नाही म्हणणं अवघड जातं. मे महिन्यात कौलं आणि लाकडं, पाऊस सुरू झाला की विहिरीचा पंप आणि गेलेली लाईट, आणि मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी.

चवथीचं मुद्दाम सांगते. ज्या घरातला मुलगा बाहेर आहे तिथे माटोळी हा मोठाच प्रश्न होतो. लाकडी चौकट छताला टांगायची, तिच्यावर नारळ, सुपारीचा घड, तोरिंगण, रानातली फळं एकेक करून बांधायची, म्हणजे तास-दोन तास मान वर करून शिडीवर उभं राहायचं काम, ते सत्तर वर्षांच्या बाबांनी करायचं का? आदल्या दिवशी वाड्यावरची दोन पोरं गेली तर होऊन जातं. पण बांधून लगेच पळू नका, बाबांना खाली खुर्चीवर बसवा आणि कुठलं फळ कुठे बांधायचं ते त्यांनाच सांगू दे, कारण त्या घराची रीत त्यांना माहीत असते आणि घर आपलंच चालतंय असं त्यांना वाटलं पाहिजे. मूर्ती आणायला गाडी, संध्याकाळच्या आरतीला घुमट वाजवणारं कोणीतरी, विसर्जनाला दोन हात. आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर असेल तर फोन धरून उभं राहायला एक शहाणं मूल द्या, कारण रेंज मिळाली तर ती थोडाच वेळ असते आणि त्यात कोणीतरी फोन उलटा धरला की झालं.

कागदपत्रांचं काम त्याहून मोठं. गोव्यात जमिनीची भानगड कुठल्या घरात नाही सांगा. एक-चौदाचा उतारा काढायचा, म्युटेशन, मामलेदाराकडची तारीख, पंचायतीची घरपट्टी, हे सगळं सुट्टीतल्या मोजक्या दिवसांत तो माणूस धावत करतो आणि अर्धं राहूनच जातं. तुम्हाला त्यातलं कळत असेल तर तुमचा एक दिवस त्या घराला द्या. कोर्टाचं प्रकरण असेल तर हे माहीत असू द्या की सीमेवर किंवा तशा खास परिस्थितीत ड्युटीवर असलेल्या सैनिकाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू नये म्हणून १९२५ पासून वेगळा कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, वकिलाला त्याबद्दल विचारा. जुलै २०२५ मध्ये नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, सैनिकांच्या कुटुंबांना कायद्याची मदत देणारी वीर परिवार सहायता योजनाही सुरू केलीय. या दोन गोष्टी घरच्यांना नुसत्या सांगितल्या तरी त्यांचा जीव थोडा शांत होतो.

आणि एक कागद, जो प्रत्येक फौजी घरात भिंतीवर किंवा देवघराच्या कपाटात असायलाच हवा. त्यावर त्याचा सर्व्हिस नंबर, रँक, पूर्ण नाव, युनिटचं नाव, युनिटचा फोन नंबर, आणि त्याच्या एखाद्या सोबत्याचा नंबर. पूर्वी घरी कोणी गंभीर झालं की तार जायची, ती सेवा २०१३ मध्ये बंद झाली. आता युनिटला फोन करावा लागतो, आणि ऐनवेळी म्हाताऱ्या आईला हे काहीच आठवत नाही, मुलाचा फोन तर लागतच नाही. आई-वडील ॲडमिट झाले तर गोमेकॉचा किंवा ज्या हॉस्पिटलात असतील तिथला कागद घ्या, फोटो काढा, युनिटला कळवा, कारण तातडीची सुट्टी द्यायची तर त्यांना खात्री करून घ्यावी लागते. पणजीत सैनिक कल्याण खातं आहे, अशा वेळी तिथेही विचारता येतं. हा कागद आज नसेल तर उद्या जाऊन लिहून द्या, मोठ्या अक्षरात. पण भिंतीवरच्या त्या कागदाचा फोटो काढून कुठेही टाकू नका!

वास्को, दाबोळी, वरुणापुरी या बाजूचं चित्र वेगळं आहे. इथे सातारा-कोल्हापूरकडून आलेली, यूपी-बिहारची, केरळची तरुण कुटुंबं, नवरा सेलिंगला गेला की आठवडेच्या आठवडे फोन नाही. २०१९ च्या डिसेंबरात नेव्हीने जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं, हेरगिरीच्या प्रकरणानंतर, त्यामुळे "मेसेज का नाही करत" हा प्रश्नच नको. शेजारी अशी बाई एकटी दोन लेकरं घेऊन राहत असेल तर तिला तुमचा नंबर द्या, रात्री पोराला ताप आला तर गाडी कोण काढेल हे आधीच ठरवून टाका, बाजारात बरं मासळीचं ठिकाण दाखवा, कोकणी येत नसेल तर दोन दिवस सोबत फिरा. ती गणपतीला एकटी असेल तर आपल्याकडे जेवायला बोलवा. आणि "मिस्टर कधी येणार, कुठे गेलंय जहाज" हे विचारू नका. तिला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी सांगायचं नसतं.

बातम्यांचंही तसंच. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा बघितलं मी, लोक जवानाच्या आईला फोन करून "टीव्हीवर दाखवतायत, तुमचा तिकडेच ना?" विचारत होते. कृपा करून असं करू नका. अशा दिवसांत त्या घरी जायचं, चहा प्यायचा, टीव्ही बंद असेल तर बंदच राहू द्यायचा, खरं-खोटं माहीत नसलेला एकही फॉरवर्ड तिथे पोचवायचा नाही. युनिट कुठे हललं, कुठल्या स्टेशनवर किती गाड्या दिसल्या, असले फोटो-स्टेटस तर मुळीच टाकायचे नाहीत, अभिमानाने टाकलं तरी त्याचा उपयोग कोणाला होईल सांगता येत नाही.

आता पत्र आणि पार्सल, याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. आर्मीचा पत्ता असा असतो: नंबर, रँक, नाव, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ, आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड. काही युनिटांना ९९ एपीओ. जहाजावर असेल तर जहाजाचं नाव आणि केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई किंवा जे सांगितलं असेल ते. यात गाव, जिल्हा, लडाख, कुपवाडा असलं काहीही लिहायचं नाही, पत्ता मुद्दाम तसा बनवलाय की ठिकाण कळू नये आणि आर्मीची पोस्टल सर्व्हिस तो बरोबर पोचवते. प्रायव्हेट कुरियर या पत्त्यावर जात नाही, पोस्टातच जावं लागतं. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, २०२५ पासून ते स्पीड पोस्टात आलंय, त्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्टच सांगा. चवथीला किंवा राखीला पोचायला हवं असेल तर महिनाभर आधी टाका, बर्फाच्या भागात त्याहूनही आधी, लडाखकडे जाणारा जोजिला घाट बंद झाला की रस्त्याने जाणारं सगळंच अडकतं.

पार्सलात काय घालायचं ते आधी घरच्यांना किंवा त्यालाच विचारा. मोजे-स्वेटर नकोत, बर्फातले कपडे त्यांना मिळतात आणि ते आपल्यापेक्षा चांगले असतात. आपल्याकडचं खाणं पाठवा पण टिकणारं: काजू, जत्रेतलं खाजं, फणसाची साटं, सुक्या सारणाच्या नेवऱ्या. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या वाटेतच खराब होतात. कोकमाचं आगळ पाठवू नका, बाटली फुटली की दुसऱ्यांचीही पार्सलं लाल होतात, त्यापेक्षा सोलं पाठवा, गरम पाण्यात मीठ घालून टाकली की झालं. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पाठवायचा मोह होतो, मला माहितीय, पण सगळ्या बरॅकभर वास जातो, तेव्हा त्याने मागितली तरच, आणि दोन डबे एकात एक घालून. फेणी नाही, लायटर नाही, सेंट-डिओचे स्प्रे नाहीत, पॉवर बँक नाही, हे पोस्ट घेत नाही आणि लपवून पाठवायचं नाही. आणि जे पाठवाल ते चार जणांना पुरेल एवढं पाठवा, कारण तो डबा एकटा उघडतच नाही.

वाचायला एखादा दिवाळी अंक घाला, शिळा झाला तरी चालतो, आणि तिथी-वार दाखवणारं मराठी कॅलेंडर, तिकडे संकष्टी कधी तेच कळत नाही म्हणतो भाऊ. पत्त्यांचा कॅट घाला. मग पुठ्ठ्याचा खोका, मोकळी जागा कागदाने भरून घट्ट करायची, वर पांढरं कापड बारीक टाक्यांनी शिवायचं, न पुसणाऱ्या मार्करने पत्ता लिहायचा आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतही टाकायचा, म्हणजे पावसात बाहेरचा पुसला तरी पार्सल पोचतं.

पत्रात काय लिहावं असं मुलं विचारतात तेव्हा त्यांना सांगा, "तुम्ही देशाचे रक्षण करता" हे एक वाक्य पुरे, पुढे आपलं लिही. यंदा पाऊस किती पडला, विहीर कधी भरली, सातेरीच्या जत्रेत काय झालं, शाळेच्या मॅचमध्ये कोण जिंकलं, घरी मांजरीला किती पिल्लं झाली. ओळख नसलेल्या जवानाला लिहायचं असेल तर शिक्षकांनी गावातल्याच एखाद्या जवानाच्या घरून पत्ता घेऊन त्याच्या युनिटच्या नावाने एकत्र गठ्ठा पाठवावा, राख्याही तशाच. त्याआधी मुलांना बोगमाळो रस्त्यावरच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला नेऊन आणा, तिथे खरी विमानं जवळून बघता येतात, आणि मग पत्रात विचारायला त्यांच्याकडे खरे प्रश्न असतात. १९६१ च्या १९ डिसेंबरला आपला गोवा मुक्त झाला तेव्हा अंजदीव बेटावर नेव्हीच्या जवानांनी जीव दिला, हेही त्यांना याच निमित्ताने सांगा, कारवारच्या किनाऱ्यासमोरची, अगदी आपल्या शेजारची गोष्ट आहे ती.

पैसे द्यायचे असतील तर ७ डिसेंबर हा ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो, त्या निधीत केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाईटवरून वर्षभर कधीही देता येतात. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांतल्या शहीदांच्या कुटुंबांसाठी भारत के वीर हे २०१७ पासूनचं सरकारी पोर्टल आहे, आर्मी-नेव्ही-एअरफोर्ससाठी माँ भारती के सपूत ही वेगळी साईट. व्हॉट्सॲपवर आलेल्या अकाऊंट नंबरवर मात्र एक रुपयाही टाकू नका, २०२५ च्या एप्रिलमध्ये असाच एक मेसेज सगळीकडे फिरला आणि तो दिशाभूल करणारा असल्याचं संरक्षण मंत्रालयाला जाहीर सांगावं लागलं.

जवान सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस त्याला घरच्यांसोबत राहू द्या, झोपू द्या. पंचायतीत शाल-श्रीफळ द्यायचंय तर आधी विचारा, काहींना नको असतं. "किती मारले" असं विचारू नका, तो स्वतः काही सांगायला लागला तर ऐका आणि ऐकलेलं बाहेर नेऊ नका. परतीला मडगाव किंवा वास्कोला ट्रंक उचलायला कोणीतरी जा, गोवा एक्सप्रेसला त्याच्या आईला एकटीला प्लॅटफॉर्मवरून रिक्षा शोधत घरी यायला लावू नका.

आणि ज्यांचं दुकान, हॉटेल, वर्कशॉप, कंपनी आहे त्यांच्याशी मला खास बोलायचंय. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली, चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात, म्हणजे पहिल्या तुकड्यांतली बाकीची मुलं २०२६ च्या शेवटापासून घरी परतणार. विशीतली, शिस्तीची, ड्रायव्हिंग, वायरलेस, मेकॅनिक, स्टोअर असली कामं शिकलेली मुलं असतील ही. तुमच्याकडे जागा निघणार असेल तर गावातल्या अशा मुलाच्या घरी आत्ताच सांगून ठेवा, तो आल्यावर नाही, आत्ताच, म्हणजे शेवटचे महिने तो तिकडे निदान ही एक काळजी न करता काढेल.