प्रारूप विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना

नगरपरिषदेच्या जिन्याशेजारच्या भिंतीवर एक दिवस मोठा रंगीत नकाशा लागतो. दोन-तीन दिवसांतच शहरात बातमी फिरते की ‘डी.पी. आला’, म्हणजे शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, आणि जो तो त्या नकाशात आपला गट नंबर शोधू लागतो. पिवळा, म्हणजे निवासी, रंग दिसला की माणूस निश्चिंत होऊन घरी जातो, हिरवा, म्हणजे शेतीचा, दिसला की ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो. या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत, असे माझे मत आहे. छोट्या शहरात आपल्या जागेचे भवितव्य रंगाइतकेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, समोरच्या रस्त्याच्या रेघेवर ठरते. हरकत घ्यायची ती ही रेघ नीट वाचून आणि लेखी पुराव्यानिशी.

आधी मुदतीचे पाहावे. महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे विकास आराखडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे तयार होतात. त्यातील कलम २६ नुसार प्रारूप आराखडा तयार झाल्याची सूचना शासन राजपत्रात प्रसिद्ध होते आणि नगरपरिषदेच्या बाबतीत हरकती व सूचनांसाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात. हे दिवस राजपत्रातील प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजले जातात. नकाशा भिंतीवर लागला त्या दिवसापासून किंवा वर्तमानपत्रात जाहिरात वाचली त्या दिवसापासून नव्हे. म्हणून सूचनेची प्रत हाती घेऊन शेवटची तारीख प्रथम लिहून ठेवावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून कागद मिळवू, असा विचार पुष्कळ जण करतात. पण त्या कायद्याखाली उत्तर देण्याची मुदतच ३० दिवसांची आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. त्यापेक्षा सरळ नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहावा आणि आपल्या भागाची प्रमाणित प्रत शुल्क भरून मागावी. सूचना काढताना अशी प्रत वाजवी किमतीत उपलब्ध करून देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे काउंटरवर नम्रपणे सांगता येते.

नकाशा पाहायला जाताना चार वस्तू बरोबर असाव्यात: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची ‘क’ प्रत (जमिनीच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) असल्यास ती, सेंटिमीटरची पट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा. तेथे एक नव्हे तर दोन नकाशे मागावेत. एक असतो विद्यमान जमीन वापराचा, म्हणजे सर्वेक्षणाच्या वेळी जागेवर काय होते ते दाखवणारा. दुसरा असतो प्रस्तावित वापराचा. बहुतेक लोक फक्त दुसराच पाहतात. खरी चूक मात्र पहिल्यात दडलेली असते. तेथे तुमचे दहा वर्षांपासून वसलेले घर ‘मोकळी जागा’ म्हणून रंगवले गेले असेल, तर नियोजनकाराने त्यावर बगीचा किंवा भाजी मंडई टाकली यात त्याच्या दृष्टीने गैर काहीच नाही. त्याला तेथे घर दिसलेच नव्हते. विद्यमान वापर चुकीचा नोंदवला गेल्याचे कागदोपत्री दाखवता आले, तर ती हरकत सर्वांत भक्कम ठरते. मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या, वीज जोडणीची तारीख, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदे त्यासाठी उपयोगी पडतात.

आता पट्टीचे काम. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते. समजा ते एकास पाच हजार आहे. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हे जमिनीवरचे ५० मीटर आणि एक मिलिमीटर हे ५ मीटर. छपाईत रेघ अर्धा मिलिमीटर जाड आली, तर त्या जाडीतच अडीच मीटर जमीन बुडाली. बैठकीच्या खोलीची रुंदी त्याहून फार जास्त नसते. त्यामुळे ‘रेघ आमच्या घरावरून गेली आहे की बाजूने’ या प्रश्नाचे उत्तर मोठ्या नकाशाकडे नुसते पाहून कधीच मिळत नाही. गाव नकाशा आणि उपग्रह प्रतिमा एकमेकांवर बसवताना गटाच्या हद्दी थोड्या सरकलेल्या असण्याचीही शक्यता असते. म्हणून आराखड्यासोबतच्या अहवालातील रस्त्यांचा तक्ता मागून घ्यावा. त्यात रस्त्याची सध्याची आणि प्रस्तावित रुंदी मीटरमध्ये दिलेली असते, आणि वाद घालायचा तो त्या आकड्यांवर, रेघेच्या जाडीवर नव्हे.

एक उदाहरण घेऊ. तुमचा भूखंड एक गुंठ्याचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरचा आहे. रस्त्याकडची बाजू ९ मीटर, आत जाणारी लांबी ११ मीटरांहून थोडी अधिक. समोरचा रस्ता आज ६ मीटर आहे आणि आराखड्यात तो १२ मीटर दाखवला आहे. रुंदीकरण दोन्ही बाजूंनी सारखे झाले, तर तुमच्या बाजूने ३ मीटर म्हणजे २७ चौरस मीटर जागा जाते; चौथ्या हिश्श्याहून जास्त. शिवाय उरलेल्या जागेत नवे बांधकाम करताना पुढचे सामासिक अंतर (मोकळी सोडावी लागणारी जागा) नव्या रस्त्याच्या कडेपासून मोजले जाईल. आणि रुंदीकरण दोन्ही बाजूंनी सारखेच होते असे गृहीत धरू नये. समोर शाळेचे आवार किंवा मंदिर असेल तर सगळी रुंदी एकाच बाजूने घेतलेली आढळते, आणि ती बाजू कोणती हे तपासायचे राहून जाते.

याच हिशेबाला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हरकतीचा निर्णय प्रामाणिकपणे घेता येणार नाही. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात निवासी विभागातील भूखंडावर काय चालेल, किती उंच बांधता येईल आणि वाढीव चटई क्षेत्र (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारे एकूण बांधकाम) किती वापरता येईल, हे मोठ्या प्रमाणात समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. अरुंद गल्लीत राहणे आणि त्याला पूरक असे लहानसहान व्यवसाय चालतात. रस्ता रुंद झाला की दुकानांची रांग, कार्यालये, दवाखाने यांना वाट मिळते. म्हणजे नकाशावर रंग तोच पिवळा राहतो आणि तरी गल्लीचा स्वभाव बदलतो. ज्यांना दुकान काढायचे आहे त्यांना हा रस्ता हवा असतो. ज्यांना शांत राहायचे आहे त्यांना नको असतो. आणि एकाच घरात दोन भावांची मते याबाबत वेगळी असलेली मी पाहिली आहेत. आपण कोणत्या बाजूचे आहोत हे अर्ज लिहिण्यापूर्वी घरात ठरवून घ्यावे, कारण हरकतीच्या सुनावणीत एकाच मिळकतीचे दोन सहधारक परस्परविरुद्ध बोलू लागले की ती घेणाऱ्या नियोजन समितीचे काम फारच सोपे होते.

रंगांबद्दल थोडक्यात. पिवळा निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक-निमसार्वजनिक आणि हिरवा शेती किंवा हरित पट्टा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. तरी आपल्या नकाशाची सूची पाहूनच खात्री करावी. सातबाऱ्यावर जमीन बिगरशेती झाली आहे म्हणजे झोनही (आराखड्यातील वापराचा विभाग) निवासी आहे, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. बिगरशेती हा महसूल कायद्याचा विषय, झोन हा नगररचनेचा. एकाची नोंद दुसऱ्याची हमी देत नाही.

नदीकाठच्या शहरांत नकाशावर आणखी दोन रेघा असतात. जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला जवळजवळ वाव नसतो, आणि निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना या रेघा कशासाठी असतात हे समजावून सांगावे लागत नाही. पूररेषा चुकीची वाटत असेल तर ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. ती रेषा नगरपरिषदेने आखलेली नसल्यामुळे जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्यावी आणि तो दाखला जलसंपदा विभागाकडेही द्यावा.

अर्ज लिहिताना

हरकत घेण्याचा अधिकार फक्त जमीनमालकाला आहे असे नाही. कायद्यातील शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असा आहे. भाडेकरू, शेजारची गृहनिर्माण संस्था, एखाद्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांचे पालक, सारेच लिहू शकतात. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की मैदानासारख्या सार्वजनिक गरजेसाठी राखून ठेवलेल्या जागेचे आरक्षण उठवावे म्हणून मालकांचे अर्ज ढिगाने येतात, पण ते मैदान राहू द्यावे म्हणून एकही अर्ज येत नाही, आणि मग समितीपुढे एकच बाजू उरते. जो प्रस्ताव तुम्हाला योग्य वाटतो त्याला पाठिंबा देणारी सूचनाही मुदतीतच द्यावी.

एका मुद्द्यासाठी एक अर्ज ठेवावा. ‘सदर आराखडा अन्यायकारक असून तो रद्द करावा’ या वाक्याने सुरू होणारे आणि शंभर सह्यांनी संपणारे निवेदन मोर्चासाठी ठीक आहे. सुनावणीत त्यावर निर्णय देता येत नाही, कारण नकाशात नेमके काय बदलायचे हे त्यात नसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘आरक्षण क्रमांक अमुक, प्राथमिक शाळा, हे गट क्रमांक अमुकपैकी इतक्या चौरस मीटर क्षेत्रावर प्रस्तावित आहे. सदर क्षेत्रावर अमुक सालच्या बांधकाम परवानगीनुसार निवासी इमारत असून तीत इतकी कुटुंबे राहतात. विद्यमान जमीन वापर नकाशात ही इमारत दर्शवलेली नाही. सबब हे आरक्षण लगतच्या शासकीय मोकळ्या जागेवर स्थलांतरित करावे. त्या जागेस इतक्या मीटर रुंदीचा पोहोच रस्ता उपलब्ध आहे.’ शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. शहराच्या अंदाजित लोकसंख्येवरून शाळा, दवाखाना, मैदान यांची गरज काढलेली असते. नुसते ‘इथे नको’ म्हटले की ती गरज अधांतरी राहते, आणि पर्यायी जागा सुचवली की समितीला होकार देण्यासाठी काहीतरी हाती मिळते. पर्याय म्हणून दुसऱ्या गरिबाची जमीन दाखवू नये, एवढे पथ्य पाळावे.

अर्जाबरोबर भाग नकाशा जोडून त्यावर आपली जागा लाल शाईने दाखवावी. आवक विभागात दोन प्रती नेऊन एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. एकदा आमच्या भागातील एका वृद्ध गृहस्थांनी अर्ज ओळखीच्या लिपिकाच्या हाती दिला आणि विश्वासाने पोच घेतली नाही. सुनावणीच्या यादीत त्यांचे नाव आलेच नाही, आणि अर्ज दिल्याचे सिद्ध करण्यासाठी त्यांच्याकडे काहीही नव्हते.

सुनावणी आणि त्यानंतर

हरकतींवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जाणकार असे बाहेरून नेमलेले चारपर्यंत सदस्य असतात. एकेका अर्जाला पाच-सात मिनिटे मिळतात, म्हणून अर्ज वाचून दाखवू नये. नकाशा टेबलावर ठेवून बोट ठेवावे, मागणी एका वाक्यात सांगावी आणि मूळ कागद दाखवावेत. नवा मुद्दा तेथे सुचला तर तो लेखी देऊन त्याचीही पोच घ्यावी.

समितीच्या अहवालानंतर नगरपरिषद आराखड्यात फेरबदल करते, ते माहितीसाठी प्रसिद्ध होतात आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. बहुतेक लोक इथे लक्ष काढून घेतात. शासनाला कलम ३१ खाली स्वतःहूनही बदल करता येतात. ते सारभूत, म्हणजे मोठ्या व महत्त्वाच्या स्वरूपाचे असतील तर आराखड्याचा तेवढा भाग मंजुरीतून वगळून राजपत्रात पुन्हा सूचना निघते आणि पुन्हा एक महिन्याची मुदत मिळते. या सूचनेत ‘ई.पी.’ म्हणजे वगळलेला भाग, अशा क्रमांकांचा तक्ता असतो. शहरात त्याचा नकाशा भिंतीवर लागेलच असे नाही. ज्यांचे आरक्षण नगरपरिषदेच्या पातळीवर उठले होते, त्यांनी तर ही सूचना आवर्जून पाहावी, कारण उठलेले आरक्षण याच टप्प्यावर परत बसू शकते.

आरक्षण कायम राहिलेच तर जमीन लगेच जाते असे नाही. ती घेताना मालकाशी करार करून मोबदला, हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्र, नाहीतर रीतसर भूसंपादन, असे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत यातले काहीच झाले नाही, तर मालकाने हक्काच्या कागदपत्रांसह कलम १२७ ची खरेदी सूचना (जमीन घ्या, असे सांगणारी नोटीस) द्यावी. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. ते आपोआप होते या भरवशावर वीस-वीस वर्षे थांबलेले लोक आहेत. सूचना दिल्याशिवाय हे घड्याळ सुरूच होत नाही. आणि व्यपगत झाल्यावर शासनाने राजपत्रात तसा आदेश काढलेला आहे ना, हे पाहावे, नाहीतर बांधकाम परवानगीच्या वेळी जुनाच नकाशा पुढे येतो.

मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली छोटे बदल होत राहतात, आणि त्यांच्यासाठी एक महिन्याच्या हरकतीची सूचना निघते. संपूर्ण आराखड्याची फेरतपासणी कायद्याने वीस वर्षांतून किमान एकदा व्हावयाची असली, तरी एखादे मैदान निवासी करण्याचा प्रस्ताव मधल्या कोणत्याही वर्षी, आतल्या पानावरच्या बारीक जाहिरातीतून येऊ शकतो. म्हणून आराखडा मंजूर झाल्यावर आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा एकदा शिक्क्यानिशी काढून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवावा, आणि जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी तोच दाखला नव्या तारखेचा पुन्हा मागवावा.